एका छोटीचे तीन अर्ज

सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर पदवीधराने कोणत्या दाराने आत जावं, असं मला कोणी विचारलं तर मी आधी त्याला बसायला खुर्ची देतो, मग पाणी देतो आणि मग मला एकदम काहीतरी काम आठवतं. यात उद्धटपणा नाही. या विषयाचा जितका अभ्यास मी केला तितका आमच्या इमारतीत कोणीच केलेला नाही, आणि अभ्यास संपला तेव्हा मला सुरुवातीला जेवढं कळत होतं तेवढंही कळेनासं झालं होतं.

आमच्या कचेरीला एकच दार आहे. सकाळी त्यातून आत यायचं, संध्याकाळी त्यातूनच बाहेर पडायचं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी शेवटचं बाहेर पडायचं. पाणीपुरवठा खात्याच्या आवक-जावक विभागात मी एकतीस वर्षं आहे. येणाऱ्या कागदावर आवक क्रमांक घालायचा, जाणाऱ्यावर जावक, असं हे सरळ काम. सैन्याचं तसं नाही. लेखी परीक्षा देऊन जाणाऱ्याला वेगळं दार, परीक्षा न देता जाणाऱ्याला वेगळं. इंजिनिअरला वेगळं, वकिलाला वेगळं, कॉलेजात कवायत केलेल्याला वेगळं. आत गेल्यावर पायदळ, तोफखाना, दळणवळण, रसद, शिक्षण अशा खोल्याच खोल्या. त्यात पुन्हा एक कायमस्वरूपी नेमणूक आणि एक अल्पकालीन. अल्पकालीन म्हणजे किती, तर दहा वर्षं! आमच्याकडे दहा वर्षांत पंखा दुरुस्त होत नाही.

सगळं सुरू झालं एका कात्रणामुळे. आमची मुलगी भूगोलाची पदवीधर. घरात तिला छोटी म्हणतात. ती एकुलती एक आहे, त्यामुळे मग मोठी कोण असं लोक विचारतात आणि त्याचं उत्तर आम्हालाही आजवर सुचलेलं नाही. पदवीनंतर ती नकाशे छापणाऱ्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करू लागली होती. नदी निळीच आहे ना, एखादं गाव चुकून समुद्रात गेलं नाही ना, हे ती दिवसभर बघायची. तिच्या टेबलावरच्या जाडजूड नकाशासंग्रहात मला ते कात्रण सापडलं. मी मुलीच्या वस्तू तपासत नाही. फक्त उघडून बघतो.

कात्रणात पदवीधरांसाठी सैन्यातल्या अधिकारीपदाची जाहिरात होती. वयाच्या ओळीखाली पेन्सिलीने दोन रेघा मारलेल्या होत्या. एक जुलैला पंचवीस पूर्ण झालेली नसावीत. छोटीला ती ऑगस्टमध्ये पूर्ण होणार होती. म्हणजे या भरतीत ती जेमतेम महिनाभराने बसत होती आणि पुढच्या भरतीत कायमची बाद. शेवटची तारीख तीन आठवड्यांवर आली होती.

आता कोणताही समजूतदार बाप काय करेल? मुलीला हाक मारेल आणि विचारेल, "काय गं, सैन्यात जायचंय का तुला?" मीही तेच केलं असतं. पण आमच्या घरात एक रीत आहे. काम झाल्याशिवाय त्याची वाच्यता करायची नाही. मागे एकदा माझी बढती नक्की झाली म्हणून मी इमारतभर सांगितलं आणि बढती शेजारच्या टेबलाला मिळाली. पुढे दोन वर्षं लोक जिन्यात गाठून माझं अभिनंदन करत होते आणि मी आभार मानत होतो. तेव्हापासून आमच्याकडे कोणी कोणाला काही सांगत नाही. बायकोने परीक्षा देऊन गाडी चालवण्याचा परवाना काढला, तो मला चार महिन्यांनी कपाटात सापडला.

तेव्हा छोटी काही बोलली नाही, यात मला नवल वाटलं नाही. माझ्या मते तिची इच्छा होती आणि अर्ज भरायचं धाडस नव्हतं. धाडस असणार कुठून? बालवर्गापासून पदवीपर्यंत तिचा प्रत्येक अर्ज मी भरला आहे. शाळा, कॉलेज, वाचनालय, पोहण्याचा तलाव. एकाही अर्जात खाडाखोड नाही. पोहण्याच्या तलावाच्या कारकुनाने तर माझा अर्ज नमुना म्हणून भिंतीवर लावला होता. मी ठरवलं की हाही आपणच भरायचा आणि बोलावणं आलं की तिच्यासमोर ठेवायचं. बायकोला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. परवान्याचं सोडलं तर तिच्या पोटात गोष्ट राहत नाही, असं तोवर मी समजत होतो.

कात्रणात अकरा प्रकारचे प्रवेश होते. जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्या कागदावर तक्ता आखला. डावीकडे प्रकार, वरती अटी. पाचव्या दिवशी तक्त्यावरून असं निष्पन्न झालं की छोटी दोन प्रकारांत बसते, चार प्रकारांत अर्धी बसते आणि एका प्रकारात तिने अविवाहित वकील असणं आवश्यक आहे. ती निम्मी अट पूर्ण करत होती. मला वाटलं, एखाद्या जाणकाराला विचारावं.

आमच्या इमारतीत सैन्यातून निवृत्त झालेले एकच गृहस्थ आहेत, तळमजल्यावरचे बिगुलकाका. बावीस वर्षं ते सैन्याच्या बँडमध्ये होते. मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "माझ्या एका मित्राची मुलगी आहे."

"छोटीला सैन्यात जायचंय?" बिगुलकाका म्हणाले.

"मित्राची मुलगी," मी ठासून सांगितलं.

"बरं, मित्राची. फुफ्फुसं कशी आहेत?"

"कोणाची?"

"तिची. सैन्यात सगळं श्वासावर असतं. माणूस एका दमात किती वेळ टिकतो, हे बघतात. आमच्या वेळी साहेबाने माझी छाती बघितली आणि दुसरं काही विचारलंच नाही."

"पण ते बँडसाठी ना? ही अधिकारी होणार."

"अधिकाऱ्याला काय श्वास लागत नाही?" त्यांनी मला समोर उभं करून श्वास रोखायला लावलं आणि घड्याळ धरलं. चाळिसाव्या सेकंदाला माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. काकांनी पाठीवर थाप मारून सांगितलं की मित्राच्या मुलीने तिच्या वडिलांवर जाऊ नये, म्हणजे झालं. कायमस्वरूपी की अल्पकालीन, या मूळ प्रश्नावर ते म्हणाले, की श्वास चांगला असेल तर दोन्ही एकच. मी गेलो तसा परत आलो.

शेवटी मी कायमस्वरूपी प्रवेश निवडला. त्यासाठी तक्त्याची गरज पडली नाही. ज्याने पहिली सहा वर्षं हंगामी कारकून म्हणून काढली आहेत, दर तीन महिन्यांनी मुदतवाढीच्या कागदाकडे डोळे लावले आहेत, त्याला 'कायमस्वरूपी' या शब्दापुढे दुसरं काही दिसत नाही.

अर्ज बारा पानांचा होता. आणि तो उमेदवाराला न विचारता भरायचा होता. उंचीसाठी मी युक्ती केली. छोटी दाराशी उभी राहून बूट घालत असताना तिच्या डोक्यामागे चौकटीवर पेन्सिलीने खूण केली. ती वाकलेली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, माझ्या डोक्यावर काय आहे?" मी म्हणालो, "कोळी." मग ती उडीच मारून बाजूला झाली आणि खूण गेली चौकटीच्या वर. दोन्हींची सरासरी काढून मी उंची लिहिली.

फोटो माझ्याकडे शाळा सोडतानाचा होता, दोन वेण्यांतला. तो साक्षांकित करताना आमच्या साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि विचारलं, "सैन्यात हल्ली इतक्या लहानपणी घेतात?" मी म्हणालो, "तयारी लवकर सुरू केलेली बरी असते." ओळखीची खूण मात्र मला न बघता आठवली. डाव्या गुडघ्याखाली टाक्यांचा व्रण. सायकल शिकताना सीट मी धरली होती आणि मीच सोडली होती.

राहिली सही. ते सगळ्यात सोपं निघालं. मी कागद दुमडून तिच्यासमोर धरला आणि म्हणालो, "वाचनालयाचा अर्ज, सही कर." छोटीने एका हातात चहाचा कप तसाच धरून सही केली. लिहायला शिकल्यापासून ती मी दाखवेन तिथे न बघता सही करत आली आहे. तेव्हा मला याचा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी मी अर्ज रजिस्टर टपालाने पाठवला. पाठवण्यापूर्वी सूचना पुन्हा वाचल्या. नियम चौदा असा होता, की एका उमेदवाराने एकाच प्रकारासाठी एकच अर्ज करावा, एकाहून जास्त आल्यास सर्व अर्ज रद्द होतील. मी मनात म्हटलं, असे मूर्ख कोण असतील, जे एकाहून जास्त अर्ज करतात!

पाच आठवडे काही घडलं नाही. छोटी रोज पहाटे वाचनालयात जायची आणि घामाघूम होऊन परत यायची. वाचनालय तिसऱ्या मजल्यावर आहे, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या बुटांचे तळ महिन्याभरात झिजले, तेव्हा मी चांभाराशी भांडलो. मग तिने केस अगदी कानापर्यंत कापले. मी बायकोला म्हणालो, "हिचं काय चाललंय?" बायको म्हणाली, "मला काय माहीत? मी कुठे काय केलंय?" तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. हे उत्तर जरा जास्तच लांब आहे, हे माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

आणि एका शनिवारी पत्र आलं. जाड, खाकी, सैन्याच्या शिक्क्याचं. पाकिटावर नाव छोटीचं होतं, पण घरातलं टपाल मी फोडतो. पत्र असं होतं: आपल्या नावाचे, आपल्या जन्मतारखेचे आणि आपल्या सहीचे तीन अर्ज या कार्यालयास प्राप्त झाले आहेत. एक अल्पकालीन सेवेसाठी, एक शिक्षण शाखेसाठी, एक कायमस्वरूपी नेमणुकीसाठी. तिन्हींतील उंची, फोटो व ओळखीची खूण परस्परांशी जुळत नाही. नियम चौदानुसार तिन्ही अर्ज रद्द का करू नयेत, याचा खुलासा दहा दिवसांत समक्ष हजर राहून करावा.

मी ते पत्र उभ्यानेच चार वेळा वाचलं. तीन? मी एकच पाठवला होता. माझ्याकडे पावती होती. मला वाटलं टपालखात्याने घोटाळा केला. एका रजिस्टरचे तीन केले. पण कायमस्वरूपी माझा, मग बाकीचे दोन कुठून आले?

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"छोटीचे सैन्यात तीन अर्ज गेलेत."

"तीन कसे? दोन असतील," बायको म्हणाली आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला.

"दोन का?"

"म्हणजे... एक तुमचा असणारच. तुम्ही त्या दारावर खुणा करत होतात, तेव्हाच मला संशय आला होता."

"आणि दुसरा?"

बायको खुर्चीत बसली. तिलाही ते कात्रण सापडलं होतं, माझ्या आधी आठवडाभर. तिचा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो. दोघांनी मिळून शिक्षण शाखेचा अर्ज भरला होता, कारण मेव्हण्याने तिला सांगितलं की त्या शाखेत बंदूक नसते, फळा असतो. सही तिने गॅसच्या कागदावर म्हणून घेतली होती.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलो.

"तुम्ही सांगितलंत?"

मग आम्ही दोघं एकमेकांकडे संशयाने बघू लागलो. तिसरा मी केला असं तिला वाटत होतं आणि मेव्हण्याने दोन झेरॉक्स काढल्या असतील असं मला. इतक्यात दार उघडून छोटी आत आली. कपाळावर घाम, पायात ते झिजलेले बूट. तिने माझ्या हातातलं पत्र घेतलं आणि वाचलं.

"अल्पकालीन माझा," ती म्हणाली.

ती रडली असती किंवा भांडली असती तर आम्हाला बरं वाटलं असतं. ती बूट काढायला खाली बसली आणि नाडी हातात धरून तशीच राहिली. "आठ महिने पळतेय मी," ती म्हणाली. "रोज सहा किलोमीटर. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. ही माझी शेवटची संधी होती, बाबा. ऑगस्टनंतर मला कोणी उभंसुद्धा करणार नाही."

मला खूप वाईट वाटलं. त्याचबरोबर, खरं सांगायचं तर, थोडा रागही आला. इतका मोठा अर्ज हिने एकटीने भरला? मार्जिन सोडलं होतं का?

आता गुपित राहिलं नव्हतं, तेव्हा सल्लागारांचा पूर लोटला. मेव्हणा धावत आला आणि म्हणाला, "यात घाबरायचं काय? सांगा तिळ्या आहेत म्हणून. एकाच दिवशी जन्मलेल्या तीन बहिणी. उंची वेगळी, फोटो वेगळा, सगळं जुळतं!"

"आणि तिघींचं नाव एकच?" छोटीने विचारलं.

"तुझ्या वडिलांनी ठेवलंय म्हणावं. यांना बघितलं की पटेल कोणालाही."

बिगुलकाका वर आले. तीन अर्ज म्हणजे उत्साह आणि सैन्याला उत्साह आवडतो, असं त्यांचं मत पडलं. खुलासा देताना मात्र एका दमात द्यावा, मध्ये श्वास घेऊ नये. तिळ्यांची कल्पना ऐकून तेही विचारात पडले. "हिला छोटी म्हणता, म्हणजे मोठी आणि मधली असायलाच हव्यात," ते म्हणाले. "मला बरीच वर्षं तसंच वाटत होतं." दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी तर आपल्या दवाखान्यात मोठीच्या दाढेवर उपचार केल्याचं छातीठोकपणे सांगितलं. सायंकाळपर्यंत मलाही आपल्याला नक्की किती मुली आहेत याची खात्री वाटेनाशी झाली.

छोटी म्हणाली, "मी एकटी जाईन आणि खरं सांगेन." साहजिकच सोमवारी आम्ही चौघं गेलो.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "उमेदवार कोण?"

"आम्ही," मी म्हणालो.

त्याने आम्हा चौघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मेव्हण्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. तिळ्यांची कल्पना तिथेच बाहेर राहिली, हे एक बरं झालं.

आतली खोली पाहून मात्र माझं मन भरून आलं. फायली उंचीप्रमाणे लावलेल्या, प्रत्येकीला दोरी, दोरीला गाठ, गाठीचं तोंड उजवीकडे. तिथला हेडक्लार्क माझ्याच वयाचा होता. त्याने आमची फाईल काढली, उघडली आणि मला हळूच विचारलं, "कायमस्वरूपीचा अर्ज कोणी भरला?" मी म्हणालो, "मी." तो म्हणाला, "मार्जिन सुंदर आहे." त्या दिवशी मला ऐकायला मिळालेलं तेवढंच बरं वाक्य.

टेबलामागे एक कॅप्टनबाई होत्या. छोटीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी तिन्ही अर्ज शेजारी शेजारी मांडले. एका फोटोत दोन वेण्या होत्या. दुसऱ्यात एका लग्नातला मोठ्ठा हार गळ्यात होता आणि खांद्यावर कोणाचा तरी कापलेला हात दिसत होता, तो मेव्हण्याचा. तिसऱ्यात केस मागे घट्ट बांधलेली एक मुलगी सरळ समोर बघत होती. ओळखीच्या खुणाही तीन. माझा गुडघा, बायकोने लिहिलेला कोपरावरचा भाजल्याचा डाग आणि छोटीने लिहिलेला हनुवटीवरचा तीळ, जो आरशात रोज दिसतो आणि आम्हा दोघांपैकी एकालाही सुचला नव्हता.

"छंद," कॅप्टनबाई वाचू लागल्या. "या अर्जात घोडेस्वारी व वक्तृत्व. या अर्जात विणकाम व कोणाला उलट न बोलणे. या अर्जात पळणे आणि नकाशे वाचणे." त्यांनी मान वर केली. "तुम्ही घोड्यावर बसता?"

"पाच वर्षांची असताना बसले होते. बाबांनी उचलून बसवलं होतं," छोटी म्हणाली.

"तिन्ही सह्या तुमच्याच दिसतात."

"हो."

"न वाचता सह्या करता?"

"घरी," छोटी म्हणाली. "बाहेर नाही."

अर्जात आणखी एक रकाना होता. त्याबद्दल मी आतापर्यंत बोललो नाही, कारण तो भरताना माझी पूर्ण दुपार गेली होती. 'आपण स्वतः घेतलेल्या एका निर्णयाबद्दल लिहा.' छोटीने स्वतः घेतलेला निर्णय मला काही केल्या आठवेना. शाळा मी निवडली होती. भूगोल हा विषयही मीच, कारण त्या खिडकीवर रांग लहान होती. छापखान्याची नोकरी माझ्या ओळखीतली. शेवटी मी तीन परिच्छेद रचून लिहिले, भूगोलाची निवड तिने किती दूरदृष्टीने केली त्याबद्दल. बायकोच्या अर्जात त्या जागी 'आईवडिलांना विचारून घेते' असं होतं.

कॅप्टनबाईंनी ते दोन्ही वाचले. मग तिसऱ्या अर्जातला तोच रकाना वाचला. त्यात दोनच शब्द होते. "हा अर्ज."

हेडक्लार्कने उगाच एका दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. माझे तळ अजिबात झिजलेले नव्हते.

"नियम स्पष्ट आहे," कॅप्टनबाई शेवटी म्हणाल्या. "सही उमेदवाराची, म्हणजे अर्ज उमेदवाराचा. तिन्ही रद्द व्हायला हवेत. सह्या फसवून घेतल्या असतील, तर ज्यांनी घेतल्या त्यांनी तसं लेखी द्यावं लागेल. तरच विचार करता येईल. ते कागद कायम फाईलमध्ये राहतील."

एकतीस वर्षांत माझ्याविरुद्ध एकही कागद कुठल्या फाईलमध्ये लागलेला नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी कोरा कागद मागितला, डावीकडे दोन बोटं मार्जिन सोडलं आणि लिहिलं, की खाली सही करणार याने आपल्या मुलीची सही वाचनालयाचा अर्ज असल्याचं खोटं सांगून घेतली. त्यात मुलीचा काहीही दोष नाही. कायमस्वरूपी नेमणुकीचा अर्ज हा तिचा नसून वस्तुतः माझा आहे. शेवटचं वाक्य लिहिल्यावर मला त्याचा अर्थ कळला. खोडावंसं वाटलं, पण मी कधी खाडाखोड करत नाही. बायकोनेही गॅसच्या कागदाबद्दल लिहून दिलं, आणि तिचं अक्षर इतकं कापत होतं की मला तिला ओळी आखून द्याव्या लागल्या.

कॅप्टनबाईंनी आमचे दोन अर्ज उचलले आणि त्यांवर लाल शाईने एकेक आडवी रेघ मारली. माझ्या बारा सुंदर पानांवरून ती रेघ गेली, तेव्हा हेडक्लार्कने डोळे मिटून घेतल्याचं मी पाहिलं. "अल्पकालीन सेवेचा अर्ज ग्राह्य," कॅप्टनबाई म्हणाल्या. "परीक्षेचं प्रवेशपत्र आत्ताच घेऊन जा."

छोटीने एवढा मोठा श्वास सोडला, की बिगुलकाका तिथे असते तर त्यांनी तिला जागच्या जागी भरती करून घेतलं असतं.

"एक मिनिट," हेडक्लार्क म्हणाला. कारकुनाची नजर ती. "यातला एक रकाना रिकामा आहे. तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवावं, त्याचं नाव."

मला मनातून जरासं बरं वाटलं. मी भरला असता तर हा राहिला नसता.

"हा का सोडलात?" कॅप्टनबाईंनी विचारलं.

"घरात कोणालाच माहीत नव्हतं," छोटी म्हणाली. "ज्यांना मी जातेय हेच माहीत नाही, त्यांना कळवा असं कसं लिहिणार?"

बायकोने पदराने डोळे पुसले. मी खिशातलं पेन काढलं होतं, टोपणही उघडलं होतं, सवयीने. कागद माझ्याकडे ओढणारच होतो. मग ते पेन मी छोटीच्या हातात दिलं.

"एकच नाव लिहा," हेडक्लार्क म्हणाला. "जागा एकाचीच आहे."

"आईचं लिही," मी म्हणालो. "मी आधी पत्रातल्या चुका काढत बसेन."

"यांचंच लिही," बायको म्हणाली. "मला पहिल्या ओळीनंतर काही दिसणार नाही."

"तुम्ही दोघं जरा गप्प बसता का?" छोटी म्हणाली. आमच्याशी ती याआधी असं कधी बोलली नव्हती. आम्ही गप्प बसलो. तिने डाव्या हाताचा आडोसा केला आणि लिहायला लागली.

आवक-जावकमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला समोरच्या टेबलावरचा कागद उलटा वाचता येतो. साहेबांच्या टेबलावरच्या सगळ्या बदल्या मला साहेबांच्या आधी कळतात. तिचा आडोसा तर अगदीच कच्चा होता. अर्धा रकाना उघडा पडला होता. मी खिडकीबाहेर बघितलं. मैदानात काही मुलं-मुली पळत होती. त्यातलं कोण पुढे होतं आणि कोण मागे, हे मला काही केल्या कळेना, कारण ती गोल पळत होती. तिने पेनाचं टोपण लावल्याचा आवाज येईपर्यंत मी त्यांच्याकडेच बघत राहिलो.

बाहेर आल्यावर छोटी प्रवेशपत्र घेऊन भराभरा पुढे निघाली. मेव्हणा बाकावरून उठून तिच्यामागे धावला आणि पहिल्याच वळणावर दमला. बायको माझ्याजवळ सरकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "कोणाचं लिहिलं हो तिने?"

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो.

"तुम्ही?" बायको थांबली. तिने भर रस्त्यात माझ्या कपाळावर हात ठेवून ताप आहे का ते पाहिलं, आणि मग तो हात तिथून काढून तिने माझ्या दंडाला धरलं.